साहेब म्हणाले, तुम्ही एप्रिल बघितला, आम्ही जुलै बघतो

तासगावला आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, आणि ह्या धंद्यात लाइट बिल काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. म्हणून ओळखीच्या स्टोरेजवाल्यांनी मिळून जत तालुक्यात ५ मेगावॅटचा ग्रुप कॅप्टिव्ह सोलर, म्हणजे मिळून स्वतःच्या वापरासाठीचा प्रकल्प, टाकायचं ठरवलं. निदान २६ टक्के भांडवल वापरणाऱ्यांचं आणि ५१ टक्के वीज त्यांनीच वापरायची, असा नियम. मी डिप्लोमा इलेक्ट्रिकल, त्यामुळे कागदपत्रं माझ्या गळ्यात. जमिनीला अडचण नव्हती, तिकडं माळच माळ. अडलं ते वीज बाहेर न्यायच्या वाटेवर.

जवळच्या १३२ केव्ही सबस्टेशनला ३३ केव्हीवर जोडायचं तर आधी कनेक्टिव्हिटीचा अर्ज, मग लोड फ्लो स्टडी, म्हणजे आमची वीज आत घातली तर तारा-ट्रान्सफॉर्मर पेलतील का याचा हिशोब. स्टडीत आलं, मार्जिन नाही, म्हणजे नवीन वीज घ्यायला जागा शिल्लक नाही. माझं डोकंच फिरलं, कारण मी एप्रिलमध्ये भर दुपारी तिथं जाऊन सबस्टेशनच्या कंट्रोल पॅनलवरचं रीडिंग बघून आलेलो, ट्रान्सफॉर्मर निवांत होते. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "दादा, तुम्ही एप्रिल बघितला, आम्ही जुलै बघतो."

जुलैत होतं असं की ढालगाव-जत पट्ट्यातल्या पवनचक्क्या फुल फिरत असतात, पाऊस झाला की शेतीपंप बंद, मग खाली वीज घ्यायला कोणी नाही आणि सगळी ३३ वरून उलटी ट्रान्सफॉर्मरमधून १३२ ला चढते. तिथं २५ एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे कागदावर ५०, पण एक ट्रिप झाला तर दुसऱ्याने एकट्याने पेललं पाहिजे, एन मायनस वन म्हणतात ते, म्हणून धरायचे २५च. आणि त्यातले बरेचसे पवनचक्क्यांनी आधीच अडवलेले. पुढं लाइनचीही तीच गत. करंट वाढला की तार तापते, तापली की लोंबते, जमिनीपासूनचं अंतर कमी होतं, म्हणून अँपिअरला मर्यादा. आता गंमत बघा, जोराचा वारा असतो तेव्हा तार गारही होत असते, म्हणजे पवनचक्क्या फुल असताना ती जास्त वाहू शकते, पण मर्यादा ठरवताना कडक ऊन आणि मंद वाराच धरतात. तारेचं तापमान बघून मर्यादा तासातासाला बदलायची पद्धत आहे, आपल्याकडं ती कधी रुळणार कोण जाणे.

नवीन ट्रान्सफॉर्मरसाठी थांबायचं तर किती वर्षं जातील सांगता येत नव्हतं. लांबच्या सबस्टेशनला जायचं तर लाइन लोकांच्या द्राक्षबागांवरून. म्हणून मी तिसरं विचारलं, गर्दी असेल त्या तासात आमचं उत्पादन कमी करा, पण जोडू द्या. आमच्यातले एक वयस्कर भागीदार, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते उखडलेच, "वीज तयार करून फेकून द्यायची व्हय?"

मग सबस्टेशनच्या लॉगशीटवर तासातासाचं रीडिंग असतं ते परवानगी घेऊन वर्षभराचं उतरवलं, एक्सेलमध्ये टाकलं आणि त्यावर आमचं सोलर चढवून बघितलं. जिथं खरंच अडतं ते तास पावसाळ्यातल्या दुपारचे निघाले, तेही थोडेच, आणि तेव्हा ढगांमुळं सोलर तसाही अर्धामुर्धा. आमचा नवीन माल येतो फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा कॉम्प्रेसर जोरात आणि वाट मोकळी. मामांना आकडे दाखवले, मग गप्प बसले.

परवानगी त्या अटीवरच मिळाली. २०२१च्या नियमात सौर-पवनला मस्ट-रन दर्जा आहे, म्हणजे त्यांची वीज उगाच कमी करायची नाही, पण ग्रीडच्या सुरक्षेचं कारण असलं की कपात चालते, त्यामुळे भरपाईची आशा धरू नका. बाकी आरटीयू म्हणजे रीडिंग लांबवर पाठवणारं यंत्र बसवणं, राज्याची ग्रीड सांभाळणाऱ्या ऐरोलीच्या लोड डिस्पॅच सेंटरला डेटा पोचवणं, दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकचं शेड्यूल द्यायला क्यूसीए म्हणजे ते काम बघणारी एजन्सी नेमणं, हे किचकट आहे पण होऊन जातं.

पहिल्या पावसाळ्यात सेटपॉइंट, म्हणजे उत्पादनाची लावलेली मर्यादा, खाली घ्या म्हणून फोन आले, एक्सेलमध्ये दिसले होते साधारण त्याच तासांत. आता मामाच बॅटरीचं विचारतात. दुपारी अडलेली वीज संध्याकाळी सोडता येईल हे खरं, पण जुलैत वारा संध्याकाळीही असतोच की, म्हणून लॉगशीटमधले रात्रीचे तास मांडून झाल्याशिवाय मी कोटेशन मागवणार नाहीये.