पानावरचे डाग

ओहायोत एप्रिल लागला तरी जंगल भुंडंच असतं. आपल्याकडे चैत्रात सातपुड्यातल्या मोहाला तांबूस पालवी फुटलेली असते, इथे मेपल-ओकला अजून पानाचा पत्ता नाही. त्यामुळे ऊन थेट जमिनीवर उतरतं. तेवढ्या चार-सहा आठवड्यांत खालच्या रानफुलांना पान, फूल, बी सगळं उरकायचं असतं. वर सावली धरली की कारभार संपला.

पहिली दोन वर्षं मी फुलंच शोधत हिंडलो. फूल टिकतं आठवडाभर, माझ्यासारख्या रविवारच्या पाहुण्याला ते सापडेलच असं नाही. मग खाली बसून पानं बघायला लागलो. पान हिरवंच असतं, बघायचं ते त्यावर काय सांडलंय.

ट्राउट लिलीच्या पानावर चॉकलेटी-जांभळे डाग असतात, ट्राउट माशाच्या अंगावर असतात तसे. तिचा फोटो मी आप्पांना पाठवला. चोपड्याकडे आमची केळी आहे. पाच मिनिटांत फोन: "करपा पडना का रे भाऊ?"

त्यांचंही बरोबर. करपा म्हणजे पानावर डाग पाडणारा रोग, डाग दिसला की केळीवाल्याच्या पोटात गोळा येतो. मी फोटो मोठा करून पुन्हा पाठवला. डागाभोवती पिवळेपणा नाही, कडा सुकलेली नाही, पान तजेलदार. मग त्यांनाच आठवलं की जी-नाईन जातीच्या केळीच्या टिश्यूकल्चर रोपांच्या पानांवरही लहानपणी असेच तांबडे डाग असतात. मी त्यांना आणखी एक सांगितलं: ट्राउट लिलीचं एकच पान दिसलं तर त्या वर्षी फूल नाही, दोन पानं असली तरच. आणि तिथवर पोचायला चार-पाच वर्षं तरी लागतात. आप्पा म्हणाले, तेवढ्यात माझ्या चार बागा कापून होतील.

वॉटरलीफच्या पानावर पांढुरके डाग असतात, खारं पाणी सांडून वाळल्यासारखे. हेपॅटिकाचं पान गेल्या वर्षीचंच, बर्फाखाली राहून काळपट तांबडं झालेलं. तीन पाळ्यांचं ते पान यकृतासारखं दिसतं, नावही त्यावरूनच. व्हर्जिनिया ब्लूबेल्सचे जांभळे कोंब मात्र मी हिमानं मेलेले समजून चक्क तुडवले होते. कोवळ्या पानातला हा जांभळा-तांबडा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, मोहाच्या पालवीतही तोच.

माझं लाडकं पान भर हिवाळ्यात भेटतं, राज्याच्या दक्षिणेकडच्या जंगलात. क्रेनफ्लाय ऑर्किडचं. पाचोळ्यात एकटंच पडलेलं, वरून मळकट हिरवं. बोटानं हळूच उलटायचं: खालून वांग्यासारखं जांभळं. (आपलं भरिताचं हिरवं वांगं नव्हे, दुसरं.) उन्हाळा लागेपर्यंत ते पान जिरून जातं आणि जुलै-ऑगस्टमध्ये नुसता दांडा फुलतो, पानाशिवाय. ती फुलं इतकी मातकट की शेजारून गेलो तरी दिसत नाहीत. जानेवारीत पान बघून जागा लक्षात ठेवलेली असेल तरच.

आता जून चालू आहे. ट्राउट लिली कधीच जमिनीत गेली, तिच्या जागी गच्च सावली आणि डास. काल आप्पांनी फोटो पाठवला. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावायच्या केळीची, रोपं आलीत, ट्रेमध्ये ओळीनं उभी, पानापानावर तांबडे डाग. खाली लिहिलंय, "वळख."

मी उत्तर दिलं, "करपा."

अजून फोन उचलत नाहीयेत.