आत्याने सांगितलेला इटलीचा मोर्चा

रविवार, रात्री.

आज दुपारभर आत्याजवळ बसून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या घरच्या आठवणी लिहून घेतल्या. आजोबा मराठा पलटणीत होते आणि इटलीत लढले, एवढे आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापलीकडचे जे उरले आहे ते आत्याजवळ, आणि तिच्याकडेही ते बहुतांशी आजीच्या तोंडून आलेले. त्यामुळे वहीत लढाई थोडी आणि पत्राची वाट पाहणेच फार उतरले. मला त्यात काही उणे वाटत नाही.

आजोबांना सहीपुरतेच अक्षर येत होते. पत्र लिहायचा पलटणीतला एखादा शिकलेला सोबती, मध्ये ते तपासायचा लष्करी सेन्सॉर, आणि गावात आल्यावर वाचून दाखवायचे शाळेचे मास्तर. नवराबायकोच्या बोलण्यात तीन परके पुरुष बसलेले असताना ‘इकडील सर्व क्षेम, काळजी नसावी’ यापुढे कोण काय लिहिणार? शिवाय कुठे आहोत, हे कळवायला बंदीच होती. पण आजीने त्यातूनही वाट काढली. तिला वाचता येत नसे, तरी मास्तरांचे वाचून झाले की ती कागद हातात घेऊन अक्षराचे वळण न्याहाळत बसे, आणि लिहिणारा तोच आहे ना, याची खात्री करून घेई. एका हिवाळ्यात वळण बदलले. मजकूर नेहमीचाच होता, सर्व क्षेम. मास्तरांनाही वेगळे काही जाणवले नाही. आजीने मात्र त्या दिवशी चूल पेटवली नाही, कारण जो इतके दिवस आपल्या नवऱ्याची खुशाली लिहीत होता त्या अनोळखी मुलाचे काहीतरी बरेवाईट झाले, हे तिने ताडले होते. पुढे आजोबांनी ते खरे असल्याचे एका वाक्यात सांगितले आणि विषय संपवला.

ती पत्रे वाळवीने खाल्ली. गंमत अशी, की हिंदी, म्हणजे भारतीय, शिपायांच्या पत्रांतून सेन्सॉरने निवडून इंग्रजीत उतरवलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही शाबूत आहेत. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्या हाती काही उरले नाही, आणि ज्यांनी मधल्यामध्ये वाचले त्यांचे दप्तर व्यवस्थित लावलेले आहे.

आजोबा स्वतः बोलत ते चिखलाबद्दल आणि खेचरांबद्दल. नोव्हेंबर 1943 मध्ये आठव्या हिंदी डिव्हिजनच्या फौजा सांग्रो नदी ओलांडत असताना पावसाने नदी फुगली आणि पूल वाहून गेले, हे इतिहासात आहे. दारूगोळा पाठीवर घेऊन चिखलात पोटापर्यंत रुतलेल्या खेचराच्या कानाशी लागून त्याला गोंजारावे लागे, हे आजोबांकडे होते. सुरुंगांविषयी ते कधी बोलले नाहीत. जर्मनांनी लाकडी खोक्यांचे सुरुंगही पेरले होते आणि ते शोधक यंत्राला सहसा सापडत नसत, हे मी पुढे वाचले, तेव्हा आत्याची एक आठवण मला उलगडली. शाळेच्या वाटेवर पडलेले फाउंटन पेन तिने हौसेने उचलून आणले होते. आजोबांनी ते हातातून उडवले आणि तिला ओढून भिंतीआड नेले. नंतर पुष्कळ वेळ ते बाजेवर नुसते बसून होते. ‘मारलं नाही, पण मार परवडला असता,’ असे आत्या म्हणाली. काका सांगतात की पेन नव्हते, पत्र्याची डबी होती. मी दोन्ही लिहून ठेवले आहे. अशा ठिकाणी खरे-खोटे करत बसणाऱ्याला पुढचे कुणी सांगत नाही.

पराक्रमाची नोंद सरकार ठेवते. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीतून जखमी साथीदारांना पलीकडे आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि दोघांची हकीकत तारीखवार वाचायला मिळते. पत्र लिहून देणाऱ्या त्या मुलाचे साधे नावही आमच्याकडे कुणाला सांगता येत नाही. सांग्रोच्या युद्धस्मशानभूमीत दहन केलेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांत तो असेलही.

1946 साली आजोबा परतले तेव्हा आत्या चार वर्षांचीही नव्हती आणि तिने बापाला कधी पाहिलेले नव्हते. दारात खाकीतला माणूस दिसताच ती ‘आई, कुणीतरी बाप्या आलाय’ असे ओरडत मागीलदारी पळाली, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना ‘अहो’ म्हणत राहिली. हे ती हसत सांगते. मी वहीत लिहिताना तिने मध्येच थांबवून बजावले, की ‘मी घाबरले नव्हते, मला राग आला होता, कारण आई त्या दिवसापासून माझ्याजवळ निजेनाशी झाली,’ असे नीट लिही. तसे लिहिले आहे. पेन्शनचे कागद काकांच्या ट्रंकेत आहेत. पुढच्या रविवारी ते पाहायचे.