कसलेला घोडा विकत घ्यावा की घरी घडवावा

विदर्भात काटोल रस्त्यालगत आमचा लहानसा तबेला आहे आणि त्यात आज दोन जनावरे आहेत. एक १४ वर्षांचा घोडा, जो ९ वर्षांचा असताना मी लांब पल्ल्याच्या स्पर्धांसाठी कसलेला म्हणून विकत घेतला. आणि दुसरी ७ वर्षांची घोडी, जी ३ वर्षांची असताना सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणली आणि जिच्या पाठीवर पहिले खोगीर आमच्याच अंगणात चढले. एन्ड्युरन्स रायडिंग, म्हणजे लांब पल्ल्याची घोडेस्वारी, सुरू करू पाहणारे लोक मला नेहमी विचारतात की यांपैकी कोणता मार्ग धरावा, म्हणून माझे मत एकदा सविस्तर लिहून ठेवते.

या खेळात घोड्याची परीक्षा वेगापेक्षा सावरण्यात असते. ४०, ८०, १२० किंवा १६० किलोमीटरचा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोड्याला तपासतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार घोड्याच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळेत मिनिटाला ६४ किंवा त्याहून खाली यावे लागतात. शिवाय हिरड्यांचा रंग, आतड्यांचे आवाज, कातडीची चिमूट सोडल्यावर ती पूर्ववत होण्यास लागणारा वेळ आणि दुडकीत चालवल्यावर दिसणारा लंगडेपणा हे सारे पाहिले जाते. अमेरिकेतील १९५५ साली सुरू झालेल्या टेव्हिस कप या स्पर्धेत एका दिवसात १०० मैल कापायचे असतात आणि तेथे सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोहोचतात.

माझ्या पहिल्या घोड्याने ही परीक्षा अनेकदा दिलेली होती आणि मी एकदाही नाही, म्हणूनच त्याला घेणे योग्य ठरले. वाटेत पाणी दिसले की तो थांबून पोटभर पीत असे, चढावर स्वतःच चाल आखडती घेत असे आणि तपासणीच्या जागी गेल्यावर मान खाली सोडून उभा राहत असे. दमलेला घोडा आणि कंटाळलेला घोडा यांतला फरक मला त्यानेच दाखवला. नवखा स्वार आणि नवखा घोडा एकत्र आले तर दोघांपैकी कोणालाच थांबण्याची वेळ कळत नाही, आणि त्याची किंमत नेहमी घोडाच मोजतो.

मात्र त्याची कामगिरी कोरड्या, रेताड प्रदेशातली आणि हिवाळ्यातली होती, याकडे मी लक्ष दिले नव्हते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात टापांना धरून ठेवते आणि पाय उचलताना प्रत्येक पावलाला टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, ताण येतो. ऑगस्टच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. घोड्याच्या घामात माणसाच्या घामापेक्षा क्षारांचे प्रमाण कितीतरी अधिक असते, म्हणून नुसते पाणी पाजून त्याची झीज भरून येत नाही. पहिल्याच पावसाळ्यात तो पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागला. सोनोग्राफीत नळीच्या हाडामागील टेंडनवर जुन्या इजेचा व्रण दिसला. तो माझ्याकडे येण्याच्या कितीतरी आधीचा होता. विकणाऱ्याने तो लपवला की त्यालाही ठाऊक नव्हता, हे मी सांगू शकत नाही. पण व्यवहारापूर्वी सोनोग्राफी करून घेणे माझे काम होते आणि ते मी केले नाही. पुढचे आठ महिने तो केवळ पायचालीने फिरला.

घोडा घरी घडवण्यातली खरी अडचण शरीराच्या निरनिराळ्या भागांच्या वेगळ्या गतीत आहे. हृदय आणि फुप्फुसे काही महिन्यांत तयार होतात, स्नायूही फार मागे राहत नाहीत. परंतु टेंडन, अस्थिबंध, खूर आणि हाडे यांना तयार होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. पायांच्या खालच्या हाडांची वाढ लवकर पूर्ण होते, पण पाठीच्या मणक्यांची वाढ साधारण साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. त्यामुळे चार वर्षांचे जनावर मनाने आणि दमाने धावायला तयार दिसते, तेव्हा त्याचे पाय आणि पाठ अजून तयार झालेली नसतात. माझ्या मते शिंगरे वाया जातात ती येथेच.

घोडीचे पहिले वर्ष केवळ पायचालीत गेले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आमचा कामाचा काळ. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पहाटे साडेचारला निघून ऊन चढण्याआधी परतावे लागते. दुसऱ्या वर्षी दुडकी, तिसऱ्या वर्षी २५-३० किलोमीटरच्या फेऱ्या. अंतर वाढवायचे तर वेग वाढवायचा नाही आणि वेग वाढवायचा तर अंतर तेवढेच ठेवायचे, हा नियम मी एकदाच मोडला. त्या दिवशी वीस मिनिटांनंतरही तिचे ठोके ७२ वर अडकले होते आणि संध्याकाळी तिने चंदीला तोंड लावले नाही. मी तोबरा घेऊन रात्रभर तिच्यापाशी बसले. त्यानंतर तिला तीन आठवडे पूर्ण विश्रांती दिली. तिच्या प्रत्येक दिवसाचे ठोके, पाणी आणि लीद यांची नोंद आज माझ्या वहीत आहे. विकत घेतलेल्या घोड्याच्या बाबतीत अशी वही कोणीही देत नाही.

पैशाच्या हिशेबाने पाहिले तर घडवणे स्वस्त पडते, हा समज चुकीचा आहे. चार वर्षांची वैरण, चंदी, नालबंदी आणि औषधपाणी यांची बेरीज कसलेल्या घोड्याच्या किमतीला सहज गाठते, आणि एवढे करूनही जनावर लांब पल्ल्याला न मानवण्याची शक्यता उरतेच. तरीही मला दुसऱ्यांदा निवड करायची झाली तर मी घडवण्याचाच मार्ग धरीन, कारण आता मला घोड्याकडे पाहता येते. पहिल्यांदा ते येत नव्हते. म्हणून नवख्याला मी कसलेलाच घोडा घ्या असे सांगते, आणि शक्यतो दहा-अकरा वर्षांचा शांत घोडा, ज्याची मोठी स्पर्धा जिंकण्याची वर्षे कदाचित सरली असतील, पण ४० किलोमीटर तो सुखरूप नेऊन आणील.

बाजारात लोक अंगावरचे शुभ-अशुभ मानले जाणारे केसांचे भोवरे आणि देवमण पाहण्यात तासभर घालवतात आणि पायांवरून एकदाही हात फिरवत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. चारही पायांच्या टेंडनवर बोटे दाबून पाहावीत, खूर उचलून पाहावेत, कडक जमिनीवर दुडकीत चालवून घ्यावे, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी झाली आहे का ते विचारावे, आणि शक्य असेल तर तासभर स्वारी करून उतरल्यावर दहा मिनिटांनी ठोके मोजावेत.

या हिवाळ्यात घोडीला पहिल्यांदा ८० किलोमीटरला नेणार आहे. म्हातारा घोडा आता स्पर्धेत उतरत नाही, पण सकाळच्या फेरीत तो तिच्या पुढे चालतो. नाल्याशी आल्यावर तो पाणी प्यायला थांबतो आणि मग तीही थांबते.