चिकलठाणा ते लातूर : पडद्यावर दिसला तो माझाच शर्ट

विमान सुटून दहा मिनिटं झाली होती आणि टॅबलेटच्या पडद्यावर मला नकाशा सोडून बाकी सगळं दिसत होतं. शर्टाची बटणं, खिशातलं पेन, वरच्या पंखाची कड, मधूनच माझी स्वतःची हनुवटी.

"मामा, लातूर किती राहिलं?" हेडसेटमधून भाच्यानं विचारलं.

"थांब, हात आडवा धरून बघतो."

"तेच तर बघायला आणलंय तुम्हाला. आंधळ्यासारखं चाचपडायला लागत असंल तर काय उपयोग त्याचा?"

पोरगं फटकळ आहे, पण बोललं ते खरं.

भाच्याकडे विमान उडवायचा परवाना आहे. विमान त्याच्या मित्राचं, चार आसनांचं सेसना 172, पंख वर. त्याच्या पॅनेलवर जुनी उपकरणं आहेत, ती चालतात. पण हाताशी दुसरं एखादं जीपीएस असावं, पॅनेलची वीज गेली तरी चालणारं, असं दोघांच्या मनात होतं. कोणतं घ्यावं यावर महिनाभर खल झाला. शेवटी भाचा म्हणाला, "मामाला विचारू, मामानं आयुष्यभर तेच केलंय."

तेच म्हणजे काय, तर मी पाटबंधारे खात्यात होतो. कालव्याच्या मोजणीत पिवळा ईट्रेक्स, म्हणजे मुठीत मावणारं जीपीएस यंत्र, माझ्या हातात आला तेव्हा मी तिशीत होतो. 2 मे 2000 ला अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. त्याआधी जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारं यंत्र त्या दिवसानंतर दहा-पंधरा मीटरवर आलं. आमच्यासाठी ती जादूच होती. तो ईट्रेक्स अजून माझ्याकडे आहे. तारीख जवळपास वीस वर्षं मागची दाखवतो, कारण जीपीएस आठवडे मोजतं ते 1024 पर्यंत आणि पुन्हा शून्यावर येतं. जागा मात्र बरोबर दाखवतो.

तर ऑक्टोबरातल्या एका सकाळी आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर चार यंत्रं घेऊन हजर. माझा फोन, भाच्याचा दहा इंची टॅबलेट, माझा पिवळा ईट्रेक्स, आणि त्याच्या एका शिक्षकाकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेलं विमानासाठीचंच पाच इंची जीपीएस, एरा 660. पिशवीत बहिणीनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. फ्लाइट प्लॅन, एडीसी नंबर (हवाई संरक्षणाची परवानगी), एफआयसी नंबर (उड्डाण माहिती केंद्राची नोंद) हे सोपस्कार भाच्यानं उरकले. आपल्याकडे छोटं विमान म्हणजे बुलेट काढली आणि निघालो असं नसतं.

लातूरचा बिंदू ईट्रेक्समध्ये भरायचं काम माझ्याकडे होतं. चाळिशीचा चष्मा गाडीतच राहिलेला. लातूरची धावपट्टी साधारण 18 अंश 24 मिनिटं उत्तर, 76 अंश 27 मिनिटं पूर्व. यंत्र होतं दशांश अंशांवर आणि मी भरलं 18.24 आणि 76.27. अंशाचं ते इवलंसं वर्तुळ आणि दशांश टिंब यातला फरक मला चष्म्याशिवाय दिसलाच नाही. भाच्यानं इंजिन सुरू करण्याआधी चारही यंत्रांवरचं अंतर पडताळून पाहिलं म्हणून बरं. तीन यंत्रं एक आकडा दाखवत होती आणि माझं पिवळं वेगळाच. माझं लातूर खऱ्या लातूरच्या नैऋत्येला जवळपास 28 किलोमीटरवर, औशाच्या पश्चिमेला कुणाच्या तरी सोयाबीनच्या रानात पडलं होतं. तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाची ही गत. भाचा काही बोलला नाही, फक्त जाऊन गाडीतून चष्मा घेऊन आला.

वर गेल्यावर चित्र असं. पाच हजार पाचशे फूट, वेग 110 नॉट, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. लातूर सरळ रेषेत 106 नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास 196 किलोमीटर, दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखं मोजत 145 अंशांच्या आसपास. पूर्वेकडच्या अर्ध्या वर्तुळात जायचं तर उंची विषम हजार अधिक पाचशे फूट, परत येताना सम हजार अधिक पाचशे, म्हणून समोरासमोर येणारी विमानं एका उंचीवर भेटत नाहीत. सूर्य डाव्या अंगाला पुढे. मी उजवीकडच्या सीटवर, त्यामुळे ऊन भाच्याच्या खांद्यावरून येऊन थेट माझ्या मांडीवर.

आता त्या शर्टाची गोष्ट. मराठवाड्यातला माणूस चार लोकांत जायचं म्हटलं की कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतो, मीही घातला होता. कडक उन्हात पांढरं कापड साधारण 25 हजार निट (पृष्ठभागाच्या उजळपणाचं माप) इतकं झळकतं. गुळगुळीत काच त्यातला चारेक टक्के उजेड परत फेकते, म्हणजे हजार निट. आणि आपल्या नेहमीच्या टॅबलेटचा पडदा पूर्ण उजेडावर पाचशेच्या आसपास. पडद्यापेक्षा माझ्या शर्टाचं प्रतिबिंबच दुप्पट उजळ! मग नकाशा कसा दिसणार? हा हिशोब मी लातूरला उतरल्यावर कागदावर केला. वर असताना फक्त वैतागलो होतो.

त्यात गॉगल. हौसेनं पोलराइज्ड, म्हणजे ठरावीक दिशेचाच उजेड आत सोडणाऱ्या काचांचा, घेतलेला. टॅबलेट उभा धरला की पडदा काळाठिक्कर, आडवा केला की दिसतो. मला आधी वाटलं यंत्रच बंद पडलं. भाच्याचा गॉगल साधा, गडद काचेचा. वैमानिकांना पोलराइज्ड वापरू नका म्हणून सांगतात ते याचसाठी, हे त्यानं मला वर गेल्यावर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?

मग पिशवीतून ईट्रेक्स काढला. जेमतेम दोन इंचाचा पडदा, करड्यावर काळं, रंगाचं नाव नाही. उन्हात धरला आणि आकडे असे उमटले की जणू छापलेत. या जातीच्या पडद्याच्या पाठीमागे अर्धवट आरसा असतो. ऊन आत शिरतं, आरशावरून परततं आणि तोच त्याचा दिवा होतो. म्हणून ऊन जितकं कडक तितकं अक्षर ठसठशीत. स्वतःच्या दिव्यानं उन्हाशी झुंजणारे पडदे वेगळे आणि ऊनच वापरून घेणारे वेगळे. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली मात्र पहिले झगमगतात आणि दुसरे मळकट दिसतात. गिऱ्हाईक फसतं ते तिथं.

ईट्रेक्स हातात असताना एक गंमत झाली. उजवीकडे लांब जायकवाडी धरणाचा नाथसागर चकाकत होता, चांदीचं ताट उन्हात ठेवावं तसा. खाली पैठणच्या डाव्या कालव्याची रेघ आली. 208 किलोमीटरचा हा कालवा. त्याच्या एका तुकड्यावर मी तरुणपणी पायी फिरलोय, बाभळीच्या काट्यांत आणि पाटकऱ्यांच्या शिव्यांत. ईट्रेक्सवर एक झेंडी दिसली. एका वितरिकेच्या (कालव्याच्या फाट्याच्या) दाराची, मीच साठवलेली आणि कधी पुसलीच नव्हती. तीन किलोमीटर डावीकडे. ज्या दारापर्यंत पोचायला जीपनं अर्धा दिवस जायचा ते एका मिनिटात मागे पडलं. भाच्याला दाखवायला गेलो तर तो शहागडच्या पुलाकडे बघत म्हणाला, "मामा, आपण गोदावरी ओलांडायलोत, जरा अंतर सांगा." पोरांना कालव्याचं काय!

पण ईट्रेक्सचं कौतुक इथंच संपतं. आकडा स्वच्छ आहे, पण बारीक आहे. मी खिशातली सहा इंची पट्टी लावून मोजलं. डोळ्यांपासून पॅनेल साधारण 70 सेंटिमीटर. तिथं चार मिलिमीटर उंचीचा आकडा मला जेमतेम वाचता येतो, तोही विमान शांत असताना. बालाघाटच्या डोंगरावर, धारूरच्या जवळपास हवा ढवळायला लागली तेव्हा चार मिलिमीटरचं तीनच्या जागी आठ व्हायला लागलं. सहा मिलिमीटर हवेत. शिवाय माझा चष्मा दुहेरी काचेचा. खालची काच पुस्तकाच्या अंतराची, वरची लांबचं बघायची, आणि पॅनेल नेमकं दोन्हींच्या मधे. मांडीवरचं यंत्र वाचता येतं, पण मान खाली घालावी लागते. वैमानिकाची मान खाली जाणं कुणालाच परवडत नाही.

याच हिसक्यांत टचस्क्रीनचीही परीक्षा झाली. टॅबलेटवर मला अंबाजोगाई बघायचं होतं, बोट पडलं भलतीकडे आणि नकाशा उडून सोलापुरावर गेला. ईट्रेक्सची बटणं अंगठ्याला पाठ आहेत, न बघता दाबता येतात. एराही टचचंच, पण ते भाच्यानं विमान वळवायच्या हँडलवर घट्ट बसवलं होतं. मनगट कडेला टेकवून एका बोटानं काम होत होतं.

एराचा पडदा उन्हात टॅबलेटपेक्षा बरा, ईट्रेक्सपेक्षा उन्नीस. तो वाचनीय झाला तो सेटिंगमुळे. आल्यावर त्यावर डोंगरांचे रंग, रस्ते, हवाई हद्दीच्या रेघा, डझनभर आकडे असं सगळं एकदम होतं, यात्रेतल्या दुकानासारखं. भाच्यानं एकेक काढून टाकलं. राहिले चार आकडे: लातूरची दिशा, आपण प्रत्यक्ष चाललेली दिशा, अंतर, जमिनीवरचा वेग. पहिले दोन आकडे सारखे ठेवले की वारा कुठूनही असो, आपण लातूरलाच चाललोत. एवढ्यावर विमान नेता येतं. बाकीचं खिडकीबाहेर होतंच: डावीकडे लांबवर परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या धुरकट दिसत होत्या, उजवीकडे मांजरा धरणाचं पाणी.

तासाभरात लातूर. गाडीनं पाच-सहा तास आणि कंबरेचे टाके ढिले. धावपट्टीवर आमच्याशिवाय दुसरं विमान नव्हतं. सावलीत बसून धपाटे खाल्ले आणि सगळी यंत्रं मात्र विसरून काचेखाली ठेवली. ऑक्टोबरचं ऊन, बाहेर तेहतीस-चौतीस अंश असेल, आत भट्टी. टॅबलेट बनवणारे साधारण 35 अंशांपर्यंतच वापरा म्हणतात. परत आलो तर पडद्यावर तापमानाची सूचना, बाकी काही नाही. सीटखाली गार व्हायला ठेवला तो चिकलठाण्यापर्यंत उठला नाही. काचेला चिकटवलेली फोनची रबरी वाटीही सैल होऊन फोन खाली पडला होता. ईट्रेक्स कढत लागत होता, पण चालू. दोन पेन्सिल सेलवर.

परतीला सूर्य पश्चिमेला आणि आम्ही वायव्येला, म्हणजे ऊन पुन्हा डाव्याच अंगानं माझ्या मांडीवर! या वेळी मी भाच्याचं निळं जॅकेट उलटं, पोटावरून घातलं. हेडसेट, गॉगल नाही, अंगात उलटं जॅकेट. पण त्या अवतारात एराचा पडदा सकाळपेक्षा दीडपट स्वच्छ दिसत होता, ते भाच्यानंही कबूल केलं.

उतरल्यावर ठरलं ते असं. विमानासाठीचं पाच इंची यंत्र घ्यायचं, हँडलवर, विमानाच्या विजेवर. कंपासपासून दूर, कारण त्याच्या सुईला धातू आणि वायरी चालत नाहीत. मांडीवर बटणांचं, ऊन पिणाऱ्या पडद्याचं छोटं यंत्र, सेलवर. टॅबलेट फक्त जमिनीवर नकाशे बघायला. उपग्रहावरून संदेश पाठवणारं मॉडेल मात्र स्वस्तात मिळालं तरी नाही. भारतात ते परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि विमानतळावर कुणाला समजावत बसणार?

पुढची फेरी नांदेडला. 116 नॉटिकल मैल, दिशा 111, सकाळी आठला निघायचं. म्हणजे या वेळी सूर्य डावीकडे नाही, जवळजवळ नाकासमोर. मी कागदावर विमान आणि सूर्य काढून भाच्याला पाठवलाय. त्याचं उत्तर आलं, "मामा, गडद शर्ट आहे ना?"