धरणाच्या वरच्या अंगाला

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशात, सुरिनाम नदीवर आफोबाका इथे धरण उभं राहिलं ते १९६४ साली. त्याच्या वीजकेंद्राची क्षमता १८९ मेगावॉट. त्याच नदीच्या काठी, धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या पिकिन स्ली गावात आम्ही रात्रीचं जेवण टॉर्चच्या उजेडात जेवलो, कारण गावातल्या जनरेटरचं डिझेल संपलं होतं. शेजारच्या बाकावर एक डच जोडपं बसलं होतं. त्यातली बाई खुशीत म्हणाली, "वीजच नाही! किती अस्सल आहे ना सगळं!" इतकी वर्षं नेदरलँड्समध्ये, अ‍ॅम्स्टलव्हेनला राहिल्याने मला डच चांगलं कळतं. त्या वाक्याचा आलेला राग अजून उतरलेला नाही. हे लिहायला बसले तेही त्याच रागापोटी.

राजधानी पारामारिबोबद्दल फार लिहीत नाही. लाकडी घरांचं सुंदर शहर आहे आणि उकाडा आपल्या मे महिन्यातल्या मुंबईसारखा. १८७३ साली 'लाला रूख' जहाजातून भारतातून आलेल्या मजुरांचे वंशज तिथे भेटतात, त्यांना हिंदुस्तानी म्हणतात, आणि आपला चेहरा बघून ते थेट सरनामीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, बोलायला लागतात, त्याचं मला फार अप्रूप वाटलं. सारामाकास्त्रात नावाच्या रस्त्यावरून आत्योनीची बस मिळते. आत्योनीला डांबरी सडक संपते आणि पुढे सगळा कारभार होडीचा.

ही होडी म्हणजे एकाच झाडाच्या खोडातून कोरलेला, बाजूंना फळ्या ठोकून उंच केलेला लांबलचक पडाव. मागे इंजिनवाला, पुढे नाळेवर हातात बांबूएवढी काठी घेतलेला एक पोरगेला माणूस, आणि मधे आम्ही, तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या, कोंबड्या, बियरचे क्रेट. कोरड्या ऋतूत नदी उतरलेली असते आणि पाण्याखाली खडकच खडक. पुढचा माणूस नुसता हात हलवून दाखवायचा, मागचा त्याप्रमाणे होडी वळवायचा, आणि दोन तासांहून जास्त वेळ त्या दोघांत एक शब्दही झाला नाही. फळीवर बसून पाठीचे हाल झाले, ऊन डोक्यात गेलं, तरी सांगते, इतक्या भरवशाच्या हातात मी क्वचितच प्रवास केला आहे.

ही माणसं सारामाका. ते स्वतःला सामाका म्हणवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. डचांच्या उसाच्या आणि लाकडाच्या मळ्यांवरून ते सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पळत राहिले, जंगलात शिरले, धबधब्यांच्या वर वस्त्या केल्या आणि मालकांच्या फौजांशी पिढ्यान् पिढ्या लढले. मळ्यांवरून पळून असं स्वतंत्र जगणाऱ्यांना मरून म्हणतात. शेवटी १९ सप्टेंबर १७६२ ला डच सरकारला त्यांच्याशी तह करावा लागला. सुरिनाममधली गुलामी कायद्याने संपली १८६३ मध्ये. म्हणजे देशातले बाकीचे गुलाम मोकळे व्हायच्या शंभर वर्षं आधी या नदीवरच्या माणसांनी आपलं स्वातंत्र्य लढून मिळवलं होतं. पांझा नावाच्या पूर्वज स्त्रीची कथा ते सांगतात. पळून येताना तिने केसांत भाताचे दाणे लपवून आणले होते. सकाळी आमच्या झोपडीमागे दोघीजणी उखळात भात कांडत होत्या, आळीपाळीने, मुसळाला मुसळ न लागू देता. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

गावात शिरताना ताडाच्या झावळ्यांची झालर टांगलेल्या कमानीखालून जावं लागतं, वाईट शक्ती बाहेर राहाव्यात म्हणून. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि पूर्वजांच्या जागी तर नाहीच. मला हे नियम मनापासून आवडले. आपल्या घरात पाहुण्याने कसं वागावं हे घरच्यांनीच ठरवायला हवं.

त्या रात्रीकडे येते. डच जोडपं झोपायला गेलं. आम्ही दोघं यजमानाच्या चुलीपाशी बसलो. त्याची आई कसाव्याच्या भाकरीचे तुकडे करत होती. या कंदात विष असतं. तो किसून, मातापी नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरून, पिळून त्याचं पाणी काढतात आणि मग मोठ्या लोखंडी तव्यावर भाकरी भाजतात. म्हातारी सत्तरीच्या पुढची असावी. ती सामाका बोलायची, मुलगा ते डचमध्ये मला सांगायचा. आधी तिला वाटलं मी शहरातलीच कुणी हिंदुस्तानी. भारतातून आले म्हटल्यावर तिने विचारलं, तिथे नद्या आहेत का? मी हो म्हणाले. मग ती स्वतःहून बोलायला लागली.

तिच्या आईचं गाव आता आफोबाका धरणाच्या तळ्याखाली आहे. सामाकांत माणूस आईच्या कुळाचा, म्हणून तेच तिचंही गाव. ती तेव्हा लहान होती. पाणी येणार म्हणून सांगायला लोक आले होते, पण थोरल्यांचा विश्वास बसेना. नदी पावसाळ्यात चढते आणि उतरते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. चढलेली नदी परत जाणारच नाही, हे कुणाच्या ध्यानात येणार? मग पाणी अंगणात आलं. सामान होडीत चढवलं. पुरलेली माणसं तिथेच राहिली. हे सांगताना तिचा हात थांबला नाही, ती तुकडे करतच होती.

मी तिला माझ्या आजीचं सांगितलं. आजीचं माहेर जावळीत, कोयनेच्या खोऱ्यात. तेही आता शिवसागर जलाशयाखाली आहे. तिच्या भावांना घाट उतरून रायगड जिल्ह्यात जमीन दिली गेली. डोंगरात वाढलेली ती माणसं तिथे कशीबशी रुजली. आजी म्हणायची, उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती दिसतात. मुलाने हे सगळं आईला सांगायला वेळ घेतला. तिने शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला. "वीज तुम्हाला मिळाली का?"

मी म्हणाले, मिळाली, पण फार वर्षांनी. ती म्हणाली, "आम्ही अजून थांबलोय."

आफोबाकाची वीज गेली पारानामला, अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीला. १९५८ साली सुरिनाम सरकार आणि अमेरिकेच्या अल्कोआ कंपनीत करार झाला आणि बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिनियम करायला लागणाऱ्या विजेसाठी नदी अडवली गेली. दीड हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल बुडालं, सामाकांची जवळजवळ निम्मी भूमी. सुमारे सहा हजार माणसांना उठावं लागलं. ज्यांच्या पूर्वजांशी सरकारने बरोबरीने तह केला होता, त्यांनाच दोनशे वर्षांनी बाडबिस्तरा आवरायला सांगितलं. भट्टी १९९९ मध्ये बंद झाली. २०२० पासून धरण सुरिनाम सरकारच्या ताब्यात आहे आणि वीज राजधानीला जाते. वरच्या अंगाच्या काही गावांत आता सौर पॅनेल येत आहेत, ते चांगलंच आहे. पण तळ्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांतल्या वरच्या अंगाच्या गावांत त्या तळ्याची वीज नाही.

आणखी एक गोष्ट मला सहन होत नाही. पाणी चढत होतं तेव्हा बुडत्या जंगलातले प्राणी वाचवायला परदेशातून एक मोहीम आली. स्लॉथ नावाचे झाडाला लटकून राहणारे संथ प्राणी, वानरं, मुंगीखाऊ असे जवळपास दहा हजार जीव त्यांनी होड्यांतून बाहेर काढले. सामाका माणसांनीच त्यात हातभार लावला. मोहिमेचं जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं, मुका जीव वाचायलाच हवा. पण आपापली गावं बुडत असताना माकडं वाचवणाऱ्या त्या माणसांचं कौतुक कुणी केलं?

ते गप्प मात्र बसले नाहीत. नव्वदच्या दशकात त्यांच्या जंगलात परक्या लाकूड कंपन्या घुसल्या तेव्हा गावागावांनी एकत्र येऊन आपल्या भूमीचे नकाशे केले आणि प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेलं. २८ नोव्हेंबर २००७ च्या निकालात न्यायालयाने त्यांचा जमिनीवरचा सामूहिक हक्क मान्य केला आणि मोठ्या प्रकल्पांसाठी त्यांची आगाऊ संमती लागेल असं सांगितलं. या लढ्यातल्या वाँझे एदुआर्त्स आणि ह्यूगो याबिनी यांना २००९ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. धरणाचा प्रश्न त्या निकालाच्या कक्षेत आला नाही.

दुसऱ्या दिवशी पिकिन स्लीचं संग्रहालय पाहिलं. गावातल्याच लाकूड कोरणाऱ्या कारागिरांनी ते उभं केलं आहे. पुरुषांनी बायकांसाठी कोरलेल्या फण्या, वल्ही, बसायचे पाट. बायकांनी नक्षी काढलेली, कॅलाबॅश फळाच्या कवचाची भांडी. बघायला गर्दी नाही, दाखवणारा माणूस प्रत्येक वस्तूपाशी थांबून बोलतो. पुढचे दिवस नदीत डुंबण्यात आणि आवारा नावाची फळं चोखण्यात गेले.

तुम्ही जाणार असाल तर परतताना ब्राउन्सवेगला नक्की उतरा. पर्यटकांच्या गाड्या तिथून ब्राउन्सबर्गच्या डोंगराकडे सुसाट निघून जातात, त्याची मला चीड आली. डोंगरावरून तळं दिसतं आणि पाण्यातून वर आलेली वठलेली झाडंही, कारण जंगल न तोडताच पाणी सोडलं होतं. पण माणसं खाली आहेत, ओळीने बांधलेल्या पुनर्वसनाच्या घरांत. त्या वस्तीच्या भागांना बुडालेल्या गावांचीच नावं आहेत. एका टपरीवर आम्ही थंड काहीतरी प्यायलो. टपरीवाला चाळिशीचा असेल, म्हणजे पाणी चढलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. कुठल्या गावचे, असं विचारल्यावर तो ब्राउन्सवेग म्हणाला नाही. "गांझे," म्हणाला. गांझे त्या तळ्याखाली आहे. रायगडात जन्मलेला माझा मामेभाऊसुद्धा गाव विचारलं की अजून जावळीच सांगतो.