बाजारपेठ फुलते, बजेट कोलमडतं

धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशीचा कुठलाही मराठी पेपर उघडा, शहराच्या पानावर बाजारपेठ फुललेली असते, खरेदीला उधाण आलेलं असतं, सराफ बाजारात झुंबड असते. पान उलटलं की डाळी-तेलाच्या भावाची बातमी, तिथे महागाईनं कंबरडं मोडलंय, खिशाला कात्री लागलीय आणि गृहिणीचं बजेट कोलमडलंय. माणसं तीच ना? म्हणजे एकच बाई सकाळी कोलमडून संध्याकाळी झुंबडीत उभी असते बहुतेक.

मजा अशी की खरेदीच्या बातमीत खर्च करणारं माणूस सहसा सापडतच नाही. कोट्यवधींची उलाढाल "होते". कुणी हप्त्यावर घेतलं, कुणी घरातलं जुनं मोडून नवं केलं, कुणी नुसतं मुहूर्तापुरतं एक ग्रॅमचं नाणं घेऊन आलं, ते काही कळत नाही. बोलतात कोण, तर सराफ संघटनेचे पदाधिकारी नाहीतर शोरूमचे मालक, आता ऐन सणात कुठला दुकानदार धंदा मंदा आहे म्हणून पेपरला सांगेल? (शेजारी अर्ध्या पानाची जाहिरातही त्याचीच असते, असो.) महागाईच्या बातमीत मात्र गिऱ्हाईक बोलतं, पण ती कायम गृहिणीच. पेट्रोल वाढलं की तेवढा "वाहनचालक" येतो. घरातल्या बाबालोकांना तूरडाळीचा भाव माहीत नसतो असं पेपरवाल्यांनी ठरवूनच टाकलंय.

त्यात रुपयातले आकडे. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखावर गेलं आणि मग चढतच राहिलं. वर्ल्ड गोल्ड कौन्सिल या सोन्याच्या खाणवाल्या कंपन्यांच्या संघटनेच्या हिशोबानं त्या वर्षी जुलै ते सप्टेंबर भारतातली सोन्याची मागणी वजनात १६ टक्के घटली आणि रुपयांत २३ टक्के वाढली. एकाच रिपोर्टातून "सोन्याची मागणी घटली" पण निघतं आणि "विक्रमी उलाढाल" पण, आणि दोन्ही खरं. सणाच्या पानावर कुठलं छापलं जाईल ते सांगायला नको.

अर्थविषयक पानावर विशेषणं कमी म्हणून ते जास्त सरळ वाटतं, पण खोच तिथेही आहेच. सरकारच्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात गावातला माणशी महिन्याचा खर्च २०११-१२ मध्ये १,४३० रुपये होता तो २०२२-२३ मध्ये ३,७७३ झाला, म्हणजे अडीचपटीहून जास्त, हेडिंग तयार! महागाई वजा केली की तोच आकडा २,००८ वर येतो, अकरा वर्षांत साधारण ४० टक्के वाढ. वाईट नाहीये, पण "अडीचपट" म्हटल्यावर जो थाट येतो तो यात नाही. मधलं २०१७-१८ चं सर्वेक्षण सरकारनं डेटाच्या दर्जाचं कारण देऊन प्रसिद्धच केलं नाही, खर्च घटल्याचे त्यातले आकडे २०१९ मध्ये पेपरात फुटले होते, हे अशा बातमीत एका ओळीत तरी यायला हवं की नाही?

मला सगळ्यात गंमत वाटली ती २२ सप्टेंबर २०२५ ला. घटस्थापना, त्याच दिवशी जीएसटीचे नवे, बऱ्याच वस्तूंवर कमी केलेले दर लागू, आणि सरकारनं नाव दिलं "बचत उत्सव". पेपरांनीही ते उचललं आणि खाली फोटो गाड्यांच्या शोरूमचे.