फॉर्म भरला का?

आमच्या क्लबात मला मिळालेलं पहिलं पद कोविड सुपरवायझरचं. त्याआधी मी नुसती कुणाची तरी आई होते. लेकीला मैदानावर सोडायचं, गाडीत हीटर लावून बसायचं, तासाभराने चिखलाचा गोळा परत आला की सीटवर टॉवेल अंथरून घरी आणायचा, एवढाच माझा आणि गेलिक फुटबॉलचा संबंध. जून 2020 मध्ये टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला: दहा वर्षांखालच्या मुलींसाठी सुपरवायझर हवा आहे, छोटासा ऑनलाइन कोर्स आहे, कोण करेल? भराभर अंगठे उमटले. नाव एकाचंही आलं नाही. मी आपलं विचारलं, "काम काय असतं?" या क्लबात चौकशी केली की तो होकारच धरतात. दहा मिनिटांत चेअरमनचा फोन आला, आभार मानायला.

आम्ही राहतो ते गाव आयर्लंडच्या किल्डेअर काउंटीत, उत्तरेला, शेजारच्या मीथ काउंटीच्या हद्दीला अगदी खेटून. निम्मं गाव सकाळी डब्लिनला नोकरीला जातं. गावात क्लब एकच, जीएएचा, म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचा. 1884 साली टिपररीतल्या थर्ल्स गावी एका हॉटेलात ही संघटना सुरू झाली, आणि गेलिक फुटबॉल नि हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा खेळ) हे इथले देशी खेळ तेव्हापासून तिच्याकडे आहेत. कमोगी म्हणजे मुलींचं हर्लिंग; त्याची आणि मुलींच्या फुटबॉलची अशा दोन संघटना कागदोपत्री वेगळ्या. मैदान मात्र तेच, राबणारी माणसंही तीच. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: पंधरा-पंधरा खेळाडू, इंग्रजी एच अक्षरासारखे गोलपोस्ट, आडव्या दांडीवरून बॉल गेला की एक पॉइंट (2025 पासून पुरुषांच्या फुटबॉलमध्ये लांबून मारला तर दोन), खालून जाळ्यात गेला की तीन. बॉल हातात धरून पळता येतं, पण चार पावलांच्या आत टप्पा तरी मारायचा, नाहीतर पायाने उडवून पुन्हा झेलायचा.

आणि यात पैसा नाही. 82,300 माणसं मावतात त्या डब्लिनच्या क्रोक पार्कात फायनल खेळणारा गडी सोमवारी शाळेत शिकवायला जातो. कुडाळला आईला हे फोनवर सांगत होते तेव्हा तिने मुद्द्याचं विचारलं, "मगे तुका पगार किती गावता गो?" काहीच नाही म्हटल्यावर तिने पावसाचा विषय काढला. शेवटी आमच्या वाडीतल्या क्रिकेट मंडळाचा दाखला द्यावा लागला. ज्या वाडीत जन्मलास तिच्याकडूनच खेळायचं, आणि वर्गणी मागणारा, रोलर ओढणारा, चहा वाटणारा माणूस एकच. तेव्हा कुठे तिला पटलं.

2020 च्या 12 मार्चला तेव्हाचे आयरिश पंतप्रधान लिओ वराडकर वॉशिंग्टनमधून टीव्हीवर आले आणि शाळा-कॉलेजं बंद झाल्याचं सांगितलं. (मालवण तालुक्यातल्या वराडचे ते वराडकर. आईला त्या दिवशी साथीपेक्षा 'आपलो माणूस कसो बोललो' यातच जास्त रस.) त्याच दिवशी जीएएने सगळे खेळ थांबवले. मार्च संपता संपता घरापासून 2 किलोमीटरच्या पलीकडे फिरायचं नाही असा नियम आला. मैदानाच्या फाटकाला साखळी लागली. क्रोक पार्कात तर कोविड चाचणीसाठी गाड्यांची रांग.

क्लब नेमका कशावर चालतो ते मला त्या दोन महिन्यांत कळलं. सत्तरी ओलांडलेल्यांनी घराबाहेरच पडू नये असा सरकारचा सल्ला होता. आणि आमच्याकडे गवत कापणारे, चुन्याच्या रेषा मारणारे, चेंजिंग रूमच्या किल्ल्या सांभाळणारे, सगळे सत्तरीच्या पुढचे. एप्रिलमधलं आयरिश गवत म्हणजे काय विचारता. आमचे मैदानवाले आजोबा रोज सकाळी सेक्रेटरीला फोन करून ते किती वाढलं असेल याचा अंदाज सांगत. शिव्यांसकट. दुसरं दुखणं लोटोचं, म्हणजे क्लबाच्या लॉटरीचं. दर आठवड्याला दोन-दोन युरोंची पाकिटं विकून क्लब विजेचं बिल नि विमा भरतो, आणि ती पाकिटं विकली जातात पबमध्ये. 15 मार्चला पब बंद झाले, त्यांच्याबरोबर आमचं उत्पन्नही. मग लोटो ऑनलाइन नेला. तरुण मंडळी लगेच वळली. ज्या म्हाताऱ्यांनी पस्तीस वर्षं एकच नंबर लावले होते त्यांना कार्डाने पैसे भरायला शिकवणं हे एका कॉलेजातल्या मुलीने फोनवर बसून केलं. तिला एखादं पदक द्यायला हवं होतं.

खेळ नव्हता तरी क्लबाचा फोन वाजत होता. देशभर क्लबांनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना वाणसामान आणि औषधं पोचवली, आमच्यानेही. नवऱ्याच्या वाट्याला औषधांची फेरी आली. पिशवी दारात ठेवायची, बेल वाजवायची, दोन मीटर मागे सरकायचं. त्याआधी या गावात आम्हाला ओळखणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मे महिन्यापर्यंत खिडकीतून त्याला हात करणारी आख्खी गल्ली तयार झाली.

24 जूनला मैदानं उघडली, आणि माझं काम सुरू झालं. नियमांची पीडीएफ वाचायला छानच होती. प्रत्येक ट्रेनिंगच्या आधी पालकाने ऑनलाइन आरोग्याचा फॉर्म भरायचा: ताप, खोकला, कुणा बाधिताचा संपर्क, चाचणीच्या निकालाची वाट. सुपरवायझरने यादी बघायची. फॉर्म नाही तर प्रवेश नाही. चेंजिंग रूम बंद, घरूनच बूट घालून यायचं, आपापली पाण्याची बाटली, बॉल पुसायचे, मॅचनंतर हस्तांदोलन नाही, घोळका नाही. दहा वर्षांखालच्या मुलींनी घोळका करायचा नाही म्हणजे काय, हे तो नियम लिहिणाऱ्याने एकदा येऊन दाखवावं.

पीडीएफमध्ये फाटक नव्हतं. फाटक म्हणजे मंगळवारची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले, आडवा पाऊस, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन, स्क्रीन ओली झाली की बोट लागत नाही. एक गाडी येते. मागचं दार उघडून मुलगी उतरलीसुद्धा, हातात बॉल, एका पायावर उड्या मारते आहे. यादीत तिच्या नावापुढे काही नाही. मी गाडीच्या काचेपाशी जाते.

"फॉर्म भरला का?"

"बायको भरते नेहमी."

"आजचा भरलेला नाही."

"ती ड्युटीवर आहे." बायको नर्स, तीही कोविड वॉर्डात. फोन उचलणार नाही. लॉगिन तिच्या ईमेलवर, पासवर्ड तिला ठाऊक. मागे चार गाड्या थांबलेल्या, त्यातली एक हॉर्न देते. मुलगी माझ्याकडे बघत उड्या मारायची थांबते. सगळ्यांना दिसतंय की पोरीला काही झालेलं नाही. मी तिला गाडीत परत बसायला सांगते. वडील काही बोलत नाहीत, काच वर करतात, गाडी कडेला घेतात आणि फोनवर नवं खातं उघडायला लागतात. वीस मिनिटांनी ती आत येते. ट्रेनिंगची चाळीस उरलेली.

त्या दिवशी आत सोडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण मागच्या चारही गाड्यांनी बघितलं, आणि पुढच्या गुरुवारी यादी पहिल्यांदा पूर्ण भरलेली होती. माझ्या नावाने ग्रुपबाहेर काय बोललं गेलं ते मला नंतर मैत्रिणीने सांगितलं. 'गार्डा' म्हणतात म्हणे मला. म्हणजे पोलीस. चालतंय.

17 जुलैपासून क्लबांच्या मॅचेस सुरू झाल्या. क्लबांतून निवडलेल्या काउंटीच्या टीमना 14 सप्टेंबरपर्यंत ट्रेनिंगलाही बंदी, सगळा उन्हाळा क्लबांचा. हा निर्णय मला फार आवडला. एरवी काउंटीचे खेळाडू काउंटीकडेच अडकलेले, क्लबने आपली वेळ मिळेल तेव्हा उरकायचं. त्या जुलैत मात्र टीव्हीवर दिसणारी पोरं आपापल्या गावाच्या मैदानात, कुंपणाच्या दोन हातांवर. फक्त माणसं मोजून. मैदानात एकूण 200, त्यात दोन्ही टीमचे खेळाडू, राखीव, कोच, रेफरी, गोलपोस्टमागचे पांढऱ्या कोटातले अंपायर, सगळे आले. उरलेल्यातून क्लबला साठेक पास मिळायचे. प्रत्येक खेळाडूमागे दोन म्हटलं तरी संपले. आजोबा की आई, यावरून घरोघरी जे झालं ते सेक्रेटरीच्या इनबॉक्समध्ये यायचं. बाकीच्यांसाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टँड ठोकून फोनने लाइव्ह दाखवायचं. बॅटरी हमखास शेवटच्या पाच मिनिटांत संपायची. 31 जुलैला क्रोक पार्कच्या हिरवळीवर अंतर ठेवून सुमारे दोनशे जणांनी ईदची नमाज पढली, तेव्हा आमच्या टीममधल्या एका मुलीचे बाबा म्हणाले, मैदानाचा पास मिळवणं तिथे इथल्यापेक्षा सोपं गेलं असतं.

मग ऑगस्ट. मांसप्रक्रिया कारखान्यांत साथ पसरली आणि किल्डेअर, लीश, ऑफली या तीन काउंट्यांना वेगळी बंदी लागली. काउंटीबाहेर जायचं नाही, बाहेरच्यांनी यायचं नाही, मॅचेस बंद. लीश आणि ऑफली दोन आठवड्यांत सुटले, आम्ही महिनाअखेरपर्यंत आत. आमच्या गावाची एक वसाहत मीथमध्ये मोडते. तिथल्या मुलींना मीथभर हिंडायला मोकळीक, पण स्वतःच्या क्लबात, घरापासून सहा मिनिटांवर, यायला मनाई. चतुर्थी त्याच बंदीत आली. डब्लिनचं कुणी दर्शनाला येऊ शकलं नाही, मोदक आम्हीच संपवले. बाकी देशात मॅचेस चालू होत्या पण 18 ऑगस्टला सरकारने प्रेक्षकच बंद केले, आणि जीएएने उघड पत्रक काढून आरोग्य खात्याकडे पुरावा मागितला. क्लबात त्या पत्रकाचं कौतुक झालं. मला ते पटलं नव्हतं. रोज फाटकावर आई-बापांकडे कुठलाही पुरावा न देता नियम पाळून घेणाऱ्या बाईला, आपलीच वरची संघटना असं विचारते तेव्हा अवघड होतं.

त्याहून राग आला तो 5 ऑक्टोबरला. त्या शनिवार-रविवारी काही काउंट्यांच्या सीनियर फायनल झाल्या, जिंकणाऱ्यांनी आणि त्यांच्या गावांनी जल्लोष केला, मिठ्या, गर्दी, सगळं. सोमवारी जीएएने सगळ्या वयोगटांच्या क्लब मॅचेस थांबवल्या. सगळ्या. चषक उचलला दाढीवाल्यांनी, मॅच गेली नऊ वर्षांच्या मुलींची, ज्यांच्या गटात चषकच नसतो. साथ वाढत होती, थांबायला हवं होतं हे खरं. तरी आधी मोठ्यांच्या फायनल आवरून घेतल्या आणि मग फाटक सगळ्यांसाठी लावलं, हे मी कमिटीत बोलले आणि आजही बोलते.

हिवाळ्यात टीव्ही होता. मीथने दुसऱ्या हाफमध्ये किल्डेअरला पाच गोल घातले, त्याबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत. 19 डिसेंबरला रिकाम्या क्रोक पार्कात ऑल-आयर्लंड म्हणजे देशपातळीच्या फायनलमध्ये डब्लिनने मेयोला हरवलं, सलग सहावा चषक, आणि कोचचा प्रत्येक शब्द घरात ऐकू येत होता. लेकीने त्यातले दोन-तीन उचलले. क्लबाची वार्षिक सभा झूमवर झाली. चेअरमन पहिली दहा मिनिटं म्यूटवर जोरात बोलत होते, मग नोंदणीसचिव कोण, यावर सगळेच म्यूटवर गेले. कुणीतरी माझं नाव घातलं. ऑनलाइन याद्या हिलाच जमतात म्हणे.

26 एप्रिल 2021 ला मुलं परतली, पंधरा-पंधराच्या गटात, एकमेकींना न भिडता. आमच्याकडे मुली चौतीस. तीन गट पाडायचे, एकदा पाडले की बदलायचे नाहीत. ते मी रविवारी रात्री पाडले आणि सोमवारी सकाळपर्यंत फोनवर अकरा मेसेज: अमकी तमकीबरोबर नसेल तर येणार नाही. साथीच्या सगळ्या काळात इतकं कठीण काम मी केलेलं नाही. 7 जूनपासून मॅचेस सुरू झाल्या आणि हळूहळू तो फॉर्मही गेला.

उन्हाळा क्लबांना दिला तर काय होतं ते 2020 मध्ये सगळ्यांनी पाहिलं होतं. 2022 पासून वेळापत्रकच तसं झालं: काउंटीचं आधी, ऑल-आयर्लंड फायनल जुलैत, पुढे मैदान क्लबांचं. चेअरमन खूश आहेत. आमच्या घरी मात्र ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे गणपती आणि मॅचेस एकत्र, त्यामुळे चतुर्थीची आरती थ्रो-इनची, म्हणजे मॅच सुरू व्हायची, वेळ बघून ठरते. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, आरती कधी? मी सांगते, मॅच झाली की.